खाणीवरचा हॉल

ओढ्यावरचा साकव खचला होता. त्यावरून गाडी नेणार नाही म्हणून ड्रायव्हर अलीकडेच थांबला. पुढचा घाट मी दत्ताराम परबांच्या मोटरसायकलवर मागे बसून चढले. परब एके काळी वरच्या मँगनीज खाणीत कामाला होते. रस्ता खाणीच्या ट्रकसाठी केलेला, आता मधोमध गवत आणि कडेला सरळ दरी. वळणावर दगड सरकले की परब पाय टेकवून गाडी सावरायचे.

"मॅडम, आमची घरां पाडूक इलास?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"तपासायला आलेय."

त्यांनी नुसता गिअर बदलला.

मी मुलुंडची. स्ट्रक्चरल ऑडिट करते, म्हणजे इमारत राहायला सुरक्षित आहे की नाही ते तपासते. खाण कधीच बंद पडली, पण कामगारांची कुटुंबं इंग्रजांच्या काळातल्या चाळींत राहिली. जमिनीच्या नव्या मालकाला तिथे रिसॉर्ट हवं होतं; चाळी धोकादायक ठरल्या की पाडता येतील, म्हणून ऑडिट त्यानेच मागवलं होतं. निघताना आमचे बॉस कामत सर म्हणाले होते, "इतकं जुनं बांधकाम धोकादायकच असणार. पटकन उरक."

चाळी जांभ्या दगडाच्या होत्या. ओळंबा लावून पाहिला, भिंती सरळ. वाशांत पटाशी टोचली, लाकूड कडक. चार-दोन कौलं बदलली की झालं. मला आतून बरं वाटत होतं.

मग परबांनी हॉल दाखवला. खाण बंद झाल्यावर गावाने स्वतः बांधलेला. आत पताका लागल्या होत्या. रविवारी त्यांच्या मुलीचं लग्न होतं.

मी शिडीवर चढून स्लॅबला हातोडी मारली. आवाज पोकळ आला. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. अर्ध्या स्लॅबचं तेच झालं होतं.

"परब, घरं चांगली आहेत. तसं मी लिहून देणार. पण हॉल आजपासून बंद करा."

परबांनी वर स्लॅबकडे बोट दाखवलं. "ह्यो हॉल आमी बांधलो, खांद्यार सिमेंट व्हावन. सायबाची घरां बरी आणि आमचा काम वायट?"

"मेहनत कमी पडली नाही. सळयांवर काँक्रीट कमी पडलं."

हे त्यांना पटलं नाही. मी हातोडी त्यांच्या हातात दिली आणि त्यांना शिडीवर चढवलं. "इथे मारा. आता तिथे."

पहिल्या ठिकाणी टणक आवाज आला. दुसऱ्या ठिकाणी ओंजळभर काँक्रीट त्यांच्या खांद्यावर पडलं. ते खाली उतरले, पताका काढून त्यांची घडी घातली आणि दाराला कुलूप लावलं. मी मदत करायला पुढे झाले, तर मानेनेच नको म्हणाले.

मुंबईत कामत सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "क्लायंट रिसॉर्ट कुठे बांधणार गं?"

"ते ऑडिटमध्ये येत नाही, सर."

त्यांनी सही केली. क्लायंटने दुसरा कन्सल्टंट नेमला, त्यालाही घरं ठीकच आढळली. रिसॉर्ट अडकलंय, कुटुंबं तिथेच आहेत. लग्न चाळीच्या अंगणात झालं. हॉलचा स्लॅब गावाने स्वतःच उतरवला, हॉलवर आता पत्रे आहेत.

आधी चांगली बातमी सांगितली की लोक वाईट बातमीही ऐकून घेतात, असा माझा समज होता. तसं होत नाही. ज्याने स्वतः बांधलंय, त्याने स्वतःच ठोकून बघावं लागतं.