संगणकाची रजाई

मोताळ्याच्या बाजारात गुलाम रसूल पिंजारी यांच्या दुकानाचे तेव्हा दोन भाग होते. पुढे ते कापूस पिंजून गाद्या-रजया भरत, आणि मागे, पडद्याआड, त्यांची लेक रुबिना संगणकावर लोकांचे अर्ज भरून देई. लेकीचं या माणसाला भारी कौतुक. संगणक दुकानात आला तसं त्यांनी त्याच्या सीपीयूच्या डब्याला मापाची रजाई शिवली, लाल साटिनची, कडेला झालर लावून. नवरीच्या गादीलाही त्यांनी कधी इतकं मन लावलं नव्हतं.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीलाही जुमानलं नाही. नुकसानीचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते, रुबिनाच्या दारात रांग लागली, आणि नेमका तेव्हाच संगणक रुसला. अर्धा अर्ज भरून होतो न होतो तोच संगणकाचा पडदा निळाशार, वर एक उदास चेहरा, खाली इंग्रजीत दिलगिरी. एकाने व्हायरस सांगितला, दुसऱ्याने मेमरी बदलायला लावली. अब्बांचं म्हणणं, कापसाची धूळ आत जाते. म्हणून पडदा निळा झाला की ते रजाईत आणखी एक थर भरत. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या सेंटरकडे वळू लागलं. असंच चाललं तर आपलं सेंटर बंद पडणार, हे रुबिनाला दिसत होतं.

शेवटच्या दिवशी जवळच्या खेड्यातल्या अन्नपूर्णाबाई पुन्हा आल्या. आज अर्ज गेला नाही तर भरपाई विसरायची होती. शेताचा गट नंबर टाकला आणि पडदा निळा.

"पोरी," अन्नपूर्णाबाई हळूच म्हणाल्या, "बोंडं अळीनं खाल्ली. आता माहा अर्ज हे खाऊन राह्यलं काय?"

रुबिनाला रडूच आलं. रजाईवर दुकानातली मांजर पसरली होती. रागारागाने तिला उचललं, तर रजाईखालच्या तापल्या डब्याचा हाताला चटका बसला. थंडीत ही बया चूल सोडून इथे का झोपते, हे आजवर सुचलंच नव्हतं. रुबिनाने संगणक बंद केला, रजाई काढली, डबा उघडला. पंख्याला कापसाचे तंतू असे गच्च बसले होते की तो हलतच नव्हता. डबा तापला की त्याचा हिशेब चुकायला लागे, आणि लिहिलेलं नासण्याआधी तो बिचारा स्वतःच थांबे. निळा पडदा म्हणजे त्याने हात जोडणं होतं.

तिने ब्रशने पंखा साफ केला. अब्बांना मात्र रजाई धुवायला काढली असं सांगितलं. अब्बांनी तिच्या मुठीतला कापूस पाहिला.

"खोटं नको बोलू, बेटा. ऊब धरून ठेवणं हेच रजाईचं काम. जिंदगी गेली माही त्यात, अन् मलेच काऊन नाही समजलं?"

तिला त्यांची फार माया आली. तिने संगणक सुरू करून अर्ज पुन्हा भरला. अर्ज गेला. अन्नपूर्णाबाईंनी पावती दोनदा वाचून घेतली आणि रुबिनाच्या गालावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी रुबिना आली तर दुकानाचा पुढचा भाग रिकामा. अब्बांनी पिंजणयंत्र दुकानामागच्या उघड्या टिनाच्या छपराखाली नेलं होतं. वारं झोंबत होतं. तिने हटकलं, तर ते गुडघ्यावरची लाल रजाई नीट करत म्हणाले, "त्याले ऊब सोसत नाही, मले सोसते. तू आत जा, लोक वाट पाहून राह्यले."