मामांची दुनळी

बंदुकीला सगळ्यांत जास्त भिणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात कोण असेल, तर तो लायसनवाला बंदूकमालकच आहे, आणि तो माझा सासरा आहे, आमचे मामा. केजच्या या घरात दुनळी बंदूक आहे हे ऐकून माझ्या माहेरच्यांनी लग्नाआधी चार दिवस खल केला होता. त्यांना काय ठाऊक, या बंदुकीपायी घाबरायचं नसतं, वैतागायचं असतं! शेतातली रानडुकरं हुसकावायला मामांनी लायसन काढलेलं. पण बंदुकीच्या कपाटाची किल्ली मामांच्या करदोट्याला आणि काडतुसांच्या पेटीची सासूबाईंच्या कमरेला, हा नियमही त्यांचाच. त्यामुळे दोघांत अबोला असला की डुकरांची चंगळ. बंदूक पुसायला निघाली की आम्ही सगळ्यांनी मागच्या अंगणात जायचं, मग चुलीवर दूध उतू जाईना का! नळी जमिनीकडे, बोट चापाच्या बाहेर, आणि बिजागरीत मोडून, आत काडतूस नाही ना, ते तीनदा बघायचं. तिसऱ्यांदा "रिकामी हाय" असं ऐकू आलं की आम्ही आत यायचो.

जत्रेतल्या फुगे फोडायच्या गाड्यावरसुद्धा यातून सुटका नव्हती. छऱ्याची बंदूक हातात घेऊन एक तरणा गडी हसत मित्राकडे वळला, तर मामा मध्येच. "बोट चापात काहून घातलंस रे? नळी फुग्याकडं धर." मग तासभर तिथंच उभे राहून येईल त्या गिऱ्हाइकाला दोरीमागं सारत होते. शेवटी गाडेवाल्यानं हात जोडले, फुकट दहा छर्रे मारा पण घरी जा म्हणाला. नणंदेच्या लग्नात तर व्याही अडून बसले, वरातीत दोन बार काढल्याशिवाय नवरदेव घोड्यावरून उतरणार नाही म्हणून. सासूबाई रडकुंडीला आल्या. मामा शांतपणे म्हणाले, "वर गेलेली गोळी खाली येतीच. कुठं येनार ते तुमी लिहून द्या, मी काढतो बार." कुणी लिहून देईना. नवरदेवाला भूक लागली तसा तो आपणहून उतरला.

गेल्या वर्षापासून मात्र तीनदाचं सात-आठदा झालं. आम्ही आपले हसत होतो. एकदा बंद केलेल्या बंदुकीकडे मामा बराच वेळ नुसते बघत बसले, तेव्हा मी हसायचं सोडलं. घरात माझी दोन लेकरं. पण बंदूक सोडा, हे त्यांना सांगणार कोण? गावात त्यांना बंदूकवाले अण्णा म्हणूनच ओळखतात.

निवडणूक आली की लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. मामा नोटिशीची वाट न बघता जमा करून आले. निकाल लागला, हत्यारं घेऊन जा असा निरोप आला, तसं मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेले. हवालदारानं दुनळी टेबलावर ठेवली. मामांनी मोडून बघितली, मिटली. पुन्हा मोडली, पुन्हा मिटली. पाचव्यांदा हात तसाच थांबला आणि ते बाकावर बसले.

"सायेब, आता बघितलं का न्हाई, ते ध्यानात ऱ्हाईना झालंय. आसल्या मानसाकडं बंदूक नगं. ऱ्हाऊ द्या हितंच. लायसन बी घ्या."

अर्ज मी लिहिला. मामांनी एका झटक्यात सही केली. खरं सांगते, मला इतकं हायसं वाटलं की त्याची लाज वाटली. घरी सासूबाईंनी शिरा केला.

आता मामा सकाळी ओट्यावर बसतात. दिवसातून तीन-चारदा मला हाक मारून विचारतात, बंदूक कुठं आहे म्हणून. मी हातातलं काम टाकून बाहेर येते आणि सांगते, "तुम्हीच ठाण्यात देऊन आलात, मामा." पहिल्यांदाच ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा सैल होतो.

"लई बरं केलं मी," म्हणतात.