अस्सल वाळवंटाचा शिक्का

खलनायक उंटावरून खाली उतरला, त्याने तलवार उपसली, आणि मागच्या रांगेतून एक बाई ओरडल्या, "अगो, हा तर आपला राजू!"

राजू हे नटाचं नाव नव्हे. राजू म्हणजे उंट. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तो पर्यटकांना फेऱ्या मारून आणतो. सगळं सभागृह हसलं. खलनायकाचा संवाद त्यातच बुडाला.

माझ्या शेजारी दाराशी निर्माते उभे होते. गावात त्यांना सगळे शेठ म्हणतात. ते समाधानाने म्हणाले, "बघ, लोक एंगेज झालेत."

माझा रत्नागिरीत छोटा व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, हॉटेलांच्या जाहिराती. शेठचं किनाऱ्यावर रिसॉर्ट आहे. मंदीच्या दिवसांत खोल्या रिकाम्या असतात म्हणून त्यांनी सिनेमा काढला. नाव 'मरुभूमीचा मावळा'. कोकणातला एक शूर गडी परमुलखातलं वाळवंट तुडवतो आणि डाकूंना लोळवून खजिना आणतो. डाकू सगळे काजळ घातलेले. परमुलखात दुसरा कुठला माणूसच राहत नाही.

खऱ्या वाळवंटात जायचं बजेट नव्हतं. म्हणून दूरची दृश्यं स्टॉक फुटेज, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी काढलेली आणि विकत मिळणारी. जवळची दृश्यं रिसॉर्टसमोर. हिरोचं एक पाऊल अफाट टेकड्यांवर पडतं आणि दुसरं सुरूच्या झाडांच्या सावलीत.

माझं काम टेस्ट स्क्रीनिंगचं होतं. प्रदर्शनाआधी निवडक लोकांना सिनेमा दाखवायचा आणि बाहेर पडताना त्यांचे बाइट घ्यायचे. बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेली दोन-तीन वाक्यं. शेठनी बोलावलेले प्रेक्षकही हिशेबाने निवडले होते. आखातात नोकरी करून परतलेली माणसं आणि त्यांची कुटुंबं. आमच्याकडे अशी माणसं मोहल्ल्यामोहल्ल्यात आहेत.

"त्यांनी अस्सल म्हटलं की पुण्या-मुंबईचा कोण तोंड उघडणार?" शेठ म्हणाले होते. बाइट चांगले आले तर सिनेमाची सगळी पब्लिसिटी माझ्याकडे येणार होती. लग्नांतून सुटायची माझी ती पहिलीच संधी होती.

पण एक गोष्ट शेठ विसरले. आमच्याकडचा माणूस सिनेमाही नमनासारखा बघतो. नमन हा आमचा रात्रभर चालणारा खेळ. त्यात प्रेक्षक सोंगांशी बोलतात, त्यांची खेचतात. खेळ संपला की मात्र सगळे चांगलंच म्हणतात, कारण सोंग काढल्यावर तो शेजारचाच पोरगा असतो. इथेही तेच झालं. डाकू झालेली पोरं प्रेक्षकांच्याच घरातली होती.

"आमचा तौफिक तीनदा मेला," एक आजी कॅमेऱ्यात म्हणाल्या. "तिन्ही वेळा छान मेला."

सर्वांत भारदस्त चेहरा इस्माईलभाईंचा होता. पांढरी दाढी, ताठ मान. उभं आयुष्य त्यांनी आखातात एसी मेकॅनिक म्हणून काढलं. सिनेमात हिरो तहानेने सरपटत होता तेव्हा तेच ओरडले होते, "अरे मागं वळ! रिसॉर्टला शहाळं मिळतंय!" कॅमेऱ्यासमोर मात्र म्हणाले, "पोरांनी मेहनत घेतली. चांगलं आहे."

"आणि वाळवंट? खरं वाटलं?" मी विचारलं.

"वाळवंट मी कुठं बघितलं, बाय? विमानतळावरनं कॅम्प, कॅम्पवरनं साइट. बसच्या खिडक्यांना पडदे. सुट्टीला झोप. वाळवंट बघायला टुरिस्ट जातात."

दुसऱ्या दिवशी शेठनी स्टुडिओत बसून हा बाइट दोनदा पाहिला.

"चेहरा एक नंबर. आवाज बदल."

म्हणजे डबिंग. ओठ त्यांचे, आवाज दुसऱ्याचा. वाक्य शेठनी तयारच आणलं होतं. "आयुष्य आखातात काढलं, हुबेहूब हेच वाळवंट!"

"शेठ, ते असं बोललेले नाहीत."

"नट तरी कुठे स्वतःचं बोलतात?"

"ते नट नाहीत. प्रेक्षक आहेत."

"मग काय झालं? बदनामी करतोय का मी त्यांची? उलट मान वाढवतोय."

"त्यांना विचारते."

"विचारलंस तर पब्लिसिटी दुसऱ्याकडे. बघ बाई तुझं तू."

माझं डोकं फिरलं. या जिल्ह्यातली किती घरं आखाताच्या पैशांवर उभी राहिली. तिकडून आलेली अत्तरं आम्ही लावली, टॉर्च वापरले, चॉकलेटं खाल्ली. तिथे तुम्ही काय पाहिलं, हे कुणी कधी विचारलं नाही. आता पहिल्यांदा विचारलं, तर उत्तरही आपणच ठरवून त्यांच्या तोंडात कोंबायचं?

मी इस्माईलभाईंच्या घरी गेले. सगळं सांगितलं. ते आधी खूप हसले.

"माझे रूमवाले सगळे अजून ग्रुपवर आहेत," ते म्हणाले. "हे बघितलं तर विचारतील, इस्माईल, वाळवंटात गेलास कधी? आम्हाला सोडून?"

त्यांच्या पत्नी सकिनाचाची चहाचे कप पुढे ठेवता ठेवता थांबल्या. "म्हणजे खरंच बघितलं नाहीत? मी इथं वारा सुटला की म्हणायची, यांच्या डोळ्यांत वाळू जात असेल."

"एसीच्या डक्टमधली धूळ जायची," इस्माईलभाई म्हणाले. मग हसणं थांबलं. कप तसाच ठेवून त्यांनी टोपी घातली. "चल, बाय. शेठकडे."

शेठनी त्यांना मानाने बसवलं. कोकम सरबत मागवलं. "भाई, एक वाक्य तर आहे. तुमच्याच आवाजात बोलून टाका, म्हणजे डबिंगची भानगडच नको."

"चेहरा वापरा, माझी हरकत नाही," इस्माईलभाई म्हणाले. "बोलणं मात्र माझं असेल."

मी कॅमेरा सुरू केला.

"शेठ माणूस चांगला. सरबत चांगलं. पोरांनी मेहनत घेतली. वाळवंट मी बघितलेलं नाही."

"कट! भाई, शेवटचं तेवढं सोडा."

दुसरा टेक. शेठ चांगले, रिसॉर्ट चांगलं, उंटसुद्धा चांगला. वाळवंट बघितलेलं नाही.

तिसऱ्या टेकला शेठनी काजूची बशी पुढे केली. काजूचंही कौतुक झालं. वाळवंट काही दिसलं नाही. ज्याच्या घरचं खाल्लं त्याला नावं ठेवायची नाहीत, हा इस्माईलभाईंचा रिवाज. पण त्या रिवाजात खोटं बोलणं बसत नव्हतं. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. शेठचा चढला.

"बंद कर तो कॅमेरा!"

पब्लिसिटी माझ्याकडून गेली. पुढच्या आठवड्यात एसटी स्टँडवर पोस्टर लागलं. त्यावर इस्माईलभाईंचा भारदस्त चेहरा, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'आखातात आयुष्य काढलेल्या प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट!'

मी संतापून इस्माईलभाईंना तिथे घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून ओळ नीट वाचली.

"यात खोटं काय नाही, बाय. बघितला तर होताच."

सिनेमा रत्नागिरीत पहिला रविवार हाउसफुल्ल गेला, लोक आरडाओरडा करायलाच गेले. जिल्ह्याबाहेर कुठे लागल्याचं ऐकलं नाही. शेठ म्हणतात, बाहेरच्यांना वाळवंटातलं काही कळत नाही.

मी तेव्हापासून कुणाचाही बाइट आधी त्यालाच ऐकवते, मग पुढे पाठवते. माझी कामं त्यामुळे कमी झाली. पोस्टरवर खरं लिहून फसवणाऱ्यांना मात्र बरे दिवस आहेत.