कौसाताईंनी परत मागितलेला रिपोर्ट

कौसाताई आज दुपारी गेल्या. सोमवारची मीटिंग रद्द होणार नाही.

हे आधी लिहितोय, कारण बातमी कळल्यावर तासाभरातच महापालिकेच्या ऑफिसातून मला फोन आला. "फार वाईट झालं हो. मग सोमवारचं पुढं ढकलू या का? जूनमध्ये बघू निवांत."

जूनमध्ये!
उन्हाळ्याचं काम पावसाळ्यात.

मी म्हटलं, "नाही साहेब, सोमवारीच." आवाज चढला माझा. चढू दे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉ. कौसाताई माझ्या बॉस. फुलंब्रीकडच्या, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातल्या. शिकून डॉक्टर झाल्या, दिल्लीत सार्वजनिक आरोग्याचं मोठं काम केलं आणि इकडं दुष्काळ पडायला लागल्यावर सगळं सोडून परत आल्या.

गुलमंडीत साड्यांच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. दारावर बोर्ड लावला: हवामान, पर्यावरण व आरोग्य धोरण सल्लागार.

बायका जिना चढून वर यायच्या आणि विचारायच्या, "फॉल-पिको इथंच का?"
ताई म्हणायच्या, "करतो की. पण फक्त सरकारी योजनांना."

माझी आई अजून नातेवाइकांना "कंपनीत आहे" एवढंच सांगते. सगळ्यांना वाटतं, वाळूजच्या कारखान्यात असेल.

आमचं पहिलं मोठं काम म्हणजे शहराचा उष्णता आराखडा. ऊन वाढतंय, लोक आजारी पडतायत, तर प्रशासनानं नेमकं काय करायचं ते आम्ही सुचवायचं.

तेव्हा हर्सूलच्या पलीकडं शहर नुसतं पसरत होतं. गावाकडं पाणी नाही म्हणून आलेली माणसं पत्र्याच्या खोल्या टाकून राहत होती. नळ तिथं पोचलाच नव्हता. सगळा भरवसा टँकरवर.

आमची टीम घरोघर सर्व्हेला गेली. भर दुपारी, कारण उन्हाचा त्रास दुपारीच दिसणार, असं आमचं लॉजिक. घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरी विचारायचं, असा नियम.

निष्कर्ष छान आला. त्या वस्तीत उन्हाचा त्रास कमी! नकाशात तो भाग हिरवागार. साहेब खूश. हिरवा रंग कोणाला आवडत नाही?

प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी ताई म्हणाल्या, "चल, वस्तीचे दोन चांगले फोटो काढून येऊ."

गेलो. दुपारची वेळ. गल्लीच्या गल्ली कुलपं.
आणि रस्त्यालगतच्या उघड्या मैदानात हंडे, निळे ड्रम आणि बायकांची ही लांब रांग. टँकर येणार होता. कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं.

रांगेत एक बाई डोक्याला पदर गुंडाळून खाली बसलेली. पारूबाई. नुकतीच ओकली होती. ताईंनी तिला आमच्या गाडीच्या सावलीत आणलं, ओला रुमाल मानेवर ठेवला, घोटघोट पाणी पाजलं.

जरा तरतरी आल्यावर ताईंनी विचारलं, "आमची पोरं आली व्हती का गं तुझ्याकडं? सर्व्हेवाली?"

"आली असतील. आमी रोज इथंच उभं असतो ना. घरी कोण हाय?"

ताईंनी गल्लीतल्या कुलपांकडं वळून पाहिलं. मलाही तेव्हाच कळलं. ज्यांना ऊन लागत होतं त्या बाया उन्हात उभ्या होत्या, आणि आम्ही सावलीतल्या माणसांना विचारून आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सगळे साहेब बसलेले, पीपीटी लावलेली. ताई उभ्या राहिल्या.

"आमचा रिपोर्ट चुकलाय. परत द्या."

"मॅडम, अहो, छापून झालाय."

"झाला असेल. परत द्या."

जिना उतरताना मी विचारलं, "ताई, आता आपल्याला काम कोण देणार?"

"नको देऊ दे. उद्या पारूबाई मेली, तर त्या हिरव्या रंगाखाली माझी सही असंल."

मग आम्ही टँकरच्या रांगेतच उभे राहून पुन्हा सर्व्हे केला. नवा रिपोर्ट आधीच्यापेक्षा छोटा झाला. मुख्य शिफारस एकच होती: उन्हाळ्यात टँकर सकाळीच पाठवा, भर दुपारी कोणालाही रांगेत उभं करू नका.

ठेकेदार लई कुरकुरला. ताई महापालिकेच्या ऑफिसात इतक्या वेळा गेल्या की शिपाई चहा न विचारताच आणायचा. शेवटी त्या एका वस्तीपुरतं मान्य झालं.

पारूबाई हसून म्हणाली होती, "एवढंच सांगायला डॉक्टर झालीस व्हय?"
"व्हय बाई. लई शिकावं लागलं."

सोमवारी ठरणार आहे ते हेच: सकाळचा टँकर सगळ्या शहराला द्यायचा की नाही. पुढं ढकललं की हा उन्हाळा गेला. आणखी कितीतरी बाया दुपारभर उन्हात उभ्या राहतील आणि आपण शोकसभेत छान छान बोलू.

गेल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये ताईंना धड बोलवत नव्हतं. तरी म्हणाल्या, "ते तुला जनजागृतीची पोस्टरं दाखवतील. तू बघ, छान म्हण, आणि टँकरवर ये."

येतो, ताई. सोमवारी टँकरवरच येतो.

फार रडू येतंय. पण तेही नंतर.

घरच्यांना त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "मला दुपारचं नेऊ नका. माझ्यापायी कोणाला उन्हात उभं करायचं नाय."

म्हणून आज रात्री ताई घरीच आहेत. उद्या सकाळी आठ वाजता निघायचं आहे.

आत्ताच पारूबाईचा फोन आला. मी म्हटलं, "लांब पडेल तुम्हाला, सकाळी जमेल का?"

"जमंल की. टँकर आता लवकर येतो. पाणी भरून समद्याच येतो आमी."

कौसाताई, तुम्हाला मनापासून नमस्कार.