कडता न कापता

"हा हर्निया आहे," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमच्या मालकांनी त्यांच्या मेजावर अशी मूठ आपटली की दौत उलटून शाई खाली सांडली.

मालक म्हणजे माझा नवरा, किसन पैलवान. बार्शीटाकळीजवळ आमचा भाजीचा मळा. तरुणपणी यांनी वऱ्हाडातले आखाडे गाजवले. पुढे कुस्ती सुटली, पण पैलवानाचा खुराक आणि पैलवानाचा राग, दोन्ही घरात मुक्कामाला राहिले.

हर्निया म्हणजे आपण ज्याला अंतर्गळ म्हणतो तो. पोटाच्या आतल्या पडद्याला भोक पडतं आणि त्यातून आतडं जांघेशी उतरतं. यांना लिंबाएवढी गाठ आली होती. निजलं की आत जायची, उभं राहिलं की बाहेर. अकोल्याच्या दवाखान्यात मी यांना भांडून नेलं होतं. तुमच्या घरात कुणाला अशी गाठ असेल तर भांडा, पण न्या.

डॉक्टर नागपूरकडचे, किडकिडीत, शांत. सांडलेली शाई त्यांनी टिपकागदाने टिपली आणि म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल, पण आज नाही. पैलवान, तुमचं वजन तीन मणांच्या वर आहे आणि छातीचे ठोके मला आवडले नाहीत. या देहाला क्लोरोफॉर्म दिला तर तुम्ही झोपेतून उठणार नाही. अडीच मणांवर या, मग कापतो."

क्लोरोफॉर्म म्हणजे हुंगवून द्यायची भूल. जाड माणसाचं आणि थकल्या काळजाचं तिच्याशी जमत नाही, एवढं मला समजलं.

दवाखान्यातला काटा मोडून पडला होता. म्हणून पहिलं वजनही आम्ही अकोल्यातल्याच भाजीच्या अडतीवर, पोती तोलायच्या तराजूवर करून आणलं होतं. डॉक्टर म्हणाले, "दर बाजाराला तिथंच वजन करा आणि मला खरं सांगा. तुमच्या सांगण्यावर मी भूल देणार आहे. तोवर ओझं उचलायचं नाही. गाठ आत जायची थांबली आणि उलट्या लागल्या, तर त्याच घटकेला इथं या."

घरी येऊन मी तुपाची बरणी उचलून शेजारी ठेवली. रोडगे बंद, पुरण बंद, दूध अर्धा पेला, भाकर अर्धी. बाकी भाजी, हवी तेवढी.

भुकेला माणूस आणि पिसाळलेला बैल, दोघांच्या वाऱ्याला उभं राहू नये म्हणतात. मला तर त्या बैलाला रोज वाढायचं होतं. पहिल्याच आठवड्यात ताट भिंतीवर गेलं. नंतर पाण्याचा तांब्या माझ्या खांद्यावर बसला. मी चुलीजवळची फुंकणी उचलून यांच्या गुडघ्यावर हाणली. यांनी माझ्या थोबाडीत मारली आणि मी खाली पडले. उठून पुन्हा ताट वाढलं, अर्ध्याच भाकरीचं. लोक म्हणतात, आजारी माणसाचं मनावर घेऊ नये. मी घेतलं आणि अजून विसरलेले नाही. तुम्हीही विसरू नका. सेवा करा, पण मार गिळू नका.

बाजाराच्या दिवशी मी पुढे पाट्यांपाशी भाजी विकायला बसायची. तराजू आत, पोत्यांच्या थप्प्यांमागे. तिथे हे अंगावरचं काढून पारड्यात बसत, म्हणून बायांनी तिकडे जायचं नाही. लखू मापारी वजन करायचा आणि हे बाहेर येऊन मला सांगायचे. पहिल्या बाजाराला थोडं उतरलं. पुढच्याला आणखी उतरलं. मला वाटलं, खाल्लेल्या माराचं सोनं झालं. अडीच मण झाले तेव्हा डॉक्टरही खूश झाले. म्हणाले, "पुढच्या बाजारानंतर अंथरूण घेऊनच या."

जायच्या आधी मी यांच्या पाठीला तेल चोळत होते. हात कमरेशी आला आणि थांबला. कमरेचा काळा करदोटा मीच बांधलेला. मर्दाचा अर्धा मण उतरला तर करदोटा ढिला पडून खाली घसरायला हवा. हा मांसात रुतलेला. खाली बोट जाईना.

"करदोटा तर तसाच हाय," मी म्हणाले.

"दोरा आवळला असन," हे म्हणाले.

वापरलेला दोरा सैल होतो, आवळत नाही. क्लोरोफॉर्मची बाटली मला समोर दिसत होती.

दुसऱ्या दिवशी बाजारात मी पाट्या सोडून थप्प्यांच्या मागे गेले. हे लंगोटावर पारड्यात बसले होते आणि लखू मोजत होता. पहिल्या मापाला मापारी एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. "लाभ, दोन, तीन," लखू म्हणाला, वर दोन शेर टाकले, आणि मग आवाज खाली करून म्हणाला, "कडता वजा. अडीच मनाच्या आत, पैलवान."

कडता भाजीवाल्याला सांगायला नको. पोत्याचं, मातीचं, ओलीचं वजन म्हणून मापारी आपल्या मालातून जे कापून घेतो तो कडता. याच कडत्यापायी यांनी जन्मभर भांडणं केली. एकदा लखूला गचांडी धरून उचलला होता. तोच कडता हे आपल्या देहाला लावून घेत होते. आधी फेट्याचा आणि जोड्याचा. मग फेटा, जोडा काढून ठेवला तरी त्यांचाच. पुढे सकाळच्या पाण्याचा, पोटातल्या भाजीचा. बाजारागणिक कडता वाढत गेला, माणूस होता तेवढाच राहिला. लखू बिचारा भिऊन कापत होता. घरून अर्धी भाकर खाऊन निघालेले हे अकोल्यात भज्यांच्या गाडीवर काय करत होते, तेही मला पुढे लखूनेच सांगितलं.

मी तराजूची साखळी धरली. "लखूभाऊ, पारड्यात जे हाय ते बोला. कडता कापू नोका."

"वैनी, मले कावून मधात घेता?" लखू म्हणाला.

"तू घरी जाय," हे म्हणाले.

"जात नाई. मराची हौस असन तर मळ्यात मरा, मी खड्डा खंदून देतो. डाक्टराच्या हातून कावून मरता?"

यांनी पारड्यातून उतरून लखूला असा ढकलला की तो कांद्याच्या पोत्यांवर जाऊन पडला आणि त्याचा हात मनगटात मुरगळला. मग लोखंडी मणाचं वजन दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. माझ्यावर टाकणार होते. टाकलं असतं, याबद्दल मला शंका नाही. मी साखळी सोडली नाही. मलाही तेव्हा माणूस मारायचा राग आला होता.

वजन मागे पडलं. हे पुढे वाकले, गुडघ्यांवर आले आणि ओकले. गाठ आता पेरूएवढी होती, दगडासारखी टणक, आणि आत जाईना.

अडतीवरच्याच बैलांच्या दमणीत घालून आम्ही यांना दवाखान्यात नेलं. एका हाताने यांना धरून बसलेला माणूस लखू होता.

डॉक्टरांनी गाठ दाबली तेव्हा यांनी त्यांना लाथ मारली. ते मागे कपाटावर आदळले, चष्मा उचलून पुन्हा घातला आणि म्हणाले, "स्ट्रँग्युलेटेड." म्हणजे फास बसला. आतड्याचं रक्त थांबलं, आता ते आतल्या आत सडायला लागणार. थांबायला वेळ नव्हता. "मागच्या बाजाराला अडीच मण म्हणालात, ते ठीक झालं. क्लोरोफॉर्म देतो."

कंपाउंडरने बाटली आणि तोंडावर धरायची जाळी आणली. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात यांनी माझं मनगट पकडलं. माझ्या बांगड्या फुटल्या आणि काच हातात शिरली. मला वाटलं, गप्प बसवतात.

"तीन मण," हे डॉक्टरांकडे पाहून म्हणाले. "वर दोन शेर. कडता न कापता."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाटलीचं बूच लावून टाकलं. "मग स्पायनल," ते म्हणाले. म्हणजे पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं. माणूस जागा राहतो, ऐकतो, पण काळीज सांभाळता येतं. "चार माणसं बोलवा यांना धरायला."

कंपाउंडरने कात्री घेतली आणि यांच्या कमरेचा करदोटा कापला. आमच्यात करदोट्याला कात्री लावतात ती माणूस मेल्यावर, सरणावर ठेवायच्या आधी. मी कंपाउंडरचा गळा धरला. माझी नखं त्याच्या मानेत रुतली होती, हे नंतर कळलं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "तो दोरा आड येत होता. जिवंत माणसाचाच कापलाय. आता मला तो जिवंत ठेवू द्या." मला दोघांनी ओढून बाहेर काढलं. तुटलेला दोरा माझ्या मुठीत होता.

आतून यांच्या शिव्या ऐकू येत होत्या. डॉक्टरांच्या बापाला, लखूच्या आज्याला, मला. जन्मात मला इतक्या गोड शिव्या कुणी दिल्या नाहीत. शिव्या आहेत तोवर माणूस आहे. मग त्या थांबल्या. मी दारावर धडका मारल्या, डोकं आपटलं, आणि दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या पायांवरच पडले.

"आतडं काळवंडलं होतं," ते म्हणाले. "गरम फडकी लावली, रंग परत आला. वाचले. दमून झोपलेत. क्लोरोफॉर्म दिला असता तर टेबलावरच गेले असते. खरं वजन सांगितलंत, ते बरं केलंत."

"मी नाई सांगतलं," मी म्हणाले. "त्याइनंच सांगतलं."

पुढचे दिवस निराळ्याच तऱ्हेने अवघड गेले. टाके तुटतील म्हणून खोकायचं नाही, ओरडायचं नाही. ज्या माणसाने आयुष्यात साधं पाणी ओरडल्याशिवाय मागितलं नव्हतं, तो कुजबुजायला लागला. मी मुद्दाम दोनदा "काय म्हणलं?" विचारायची. लखू हात गळ्यात बांधून भेटायला आला, तेव्हा हे त्याचा तो हात बराच वेळ धरून बसले.

राग गेला असं मी सांगणार नाही, ते खोटं होईल. ताट अजून कधी सरकतं. पण भिंतीपर्यंत जात नाही, आणि हात उचलला गेलेला नाही. बाजाराच्या दिवशी आता पारड्यापाशी मी उभी असते. कधी वजन उतरतं, कधी तेवढंच राहतं, सणानंतर चढतं. चढलं की चढलं म्हणायचं. तुमच्या घरी असा रोगी असेल तर दुसरं काही जमलं नाही तरी एवढं करा. आणि त्या किडकिडीत डॉक्टरांच्या घरी आमच्या मळ्यातली पहिली भाजी जाते.

दवाखान्यातून आल्यावर मीच यांना नवा करदोटा बांधला होता. परवा आंघोळ झाल्यावर हाक आली, हळूच.

"अवं, करदोटा खाली सरकून राह्यला. आवळून देतं का?"

मी गाठ सोडली, दोरा ओढला, खाली एक बोट घालून पाहिलं आणि पुन्हा गाठ मारली. उरलेलं टोक बरंच लांब लोंबत होतं. कात्री कोनाड्यात हाताशीच होती. मी खाली वाकले आणि ते दातांनी तोडलं.