ठरावातले मुलगे

कराडपासून कोसावरच्या त्या माळावर आता केवढं मोठं कॉलेज उभं आहे. माझ्या नातवंडांच्या वयाची पोरंपोरी फाटकातून खिदळत आत जातात, आणि कुणी ना कुणी मला म्हणतंच, "तुमच्या गावचा दगड आहे हो हा, अभिमान वाटत असेल नाही?" वाटतो की! टाळूवर चुंबळीच्या जागी माझे केस कायमचे विरळ झालेत, तिथं हात गेला की फार वाटतो. मी हसते आणि विषय बदलते. शिळ्या कढीला ऊत आणून आजवर कुणाचं भलं झालंय?

पण एकदा लिहून टाकायचं आहे. बोलून झालं नाही ते निदान लिहून व्हावं.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. माळावर तेव्हा एक पत्र्याची शेड आणि तिच्यात मूठभर विद्यार्थी, एवढाच संसार होता. ती चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या मनात मात्र हायस्कूल, बोर्डिंग, प्राथमिक शिक्षकांचं ट्रेनिंग कॉलेज आणि जमलंच तर पुढं मोठं कॉलेज, असं सगळं होतं. सरकार इंग्रजाचं, ते कशाला हात देतंय! म्हणून संस्थेच्या सेक्रेटरींनी आसपासची गावं धरली. एका गावानं माळाची जमीन दिली. मेढ्याकडच्या लोकांनी वासे आणि तुळया कबूल केल्या. मलकापूरच्या बाजूच्यांनी चुन्याच्या घाणीला बैल दिले. पूर्वेला एक मेंढपाळांचं गाव होतं, त्यांच्याकडं प्यायच्या पाण्याचीच बोंब. ते म्हणाले, आमी बोर्डिंगातल्या पोरास्नी घोंगडी देतो. आमच्या गावाला खाण होती, म्हणून आमच्या वाट्याला दगड आला. तो नुसता फोडून द्यायचा नव्हता, माळावर पोचवायचाही होता. बैलगाडी चढाच्या पायथ्यालाच थांबायची. तिथून पुढं माणसाचं डोकं.

त्यासाठी गावची सभा भरली देवळापुढं. कर्ते बाप्ये निम्मे पलटणीत, माझे वडीलही त्यातच, त्यामुळं पुढं म्हातारे आणि मागं पाराच्या आडोशाला बायकाच जास्त. सेक्रेटरी कोट घालून आले होते पण बोलायचे आमच्यासारखं. दगड तुमी द्या, म्हणाले, तुमची पोरं आमी शिकवून दाखवतो. जागा हक्काची, कुणापुढं पदर पसरायचा न्हाई.

माझी आई बोलायला कुणाला भ्यायची नाही. ती आडोशाला बसूनच म्हणाली, "आवं साहेब, पोरं म्हंजी पोरी बी का?"

सगळी सभा हसली. सेक्रेटरीही हसले. "मावशी, पोरं म्हंजी समदी पोरं. पोरींनी काय पाप केलंय व्हय?"

झालं, आईला तेवढं पुरलं. पाटलांनी बेलभंडार उचलला आणि गाव शब्दात अडकलं.

आता आमच्याकडं पोरं म्हटलं की त्यात पोरगा आला आणि पोरगीही आली, हे कुणाला सांगावं लागत नाही. 'पोरं जेवली का?' असं विचारणारी बाई काय पोरींना उपाशी ठेवते? पण संस्थेला ठराव कागदावर हवा होता, आणि तोही बाळबोध लिपीत. आमचे कुलकर्णी मोडी खरडायचे, ती त्यांची त्यांनाच लागायची. मग पाटलांनी शाळेच्या मास्तरांना गळ घातली, आणि मास्तरांनी मला बोलावलं, कारण शाळेत अक्षर माझं सगळ्यांत देखणं होतं. मी तेव्हा पाचवीत.

हे मास्तर पुण्याकडचे, सडेफटिंग, अंगानं काडी आणि स्वभावानं कडक. मला शिकवायचा त्यांनी ध्यास घेतला होता हे खरं, पण त्यांचं शुद्ध भाषेचं वेड भारी. 'हाय' म्हटलं की छडी, 'न्हाई' म्हटलं की छडी. 'मुलं' लिहिलं म्हणून एकदा मला पुऱ्या वर्गापुढं उभं केलं होतं आणि पाटीभर घोकवलं होतं: एकवचन मुलगा, अनेकवचन मुलगे. मूल आणि मुले ही जोडी त्याच पानावर खाली होती, पण मार बसला होता तो वरच्या ओळीवर.

पाटील ठराव मास्तरांना तोंडी सांगून आधीच गेले होते. "लिवा. आमच्या गावच्या पोरास्नी तितं शिकायचा हक्क ऱ्हाईल." मास्तर म्हणाले, पोरास्नी असलं काही कागदावर जायचं नाही, शुद्ध करून लिही. मी बोरू बुडवला. 'पोरं' हा गावंढळ शब्द, त्याचा शुद्ध शब्द कोणता? माझ्या डोळ्यांपुढं ती पाटी आली आणि मी ऐटीत लिहिलं: 'आमच्या गावच्या मुलग्यांस'. वळणदार, टपोरं. 'ग्या' तर असा काढला होता की बघत राहावं. मास्तरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, शाब्बास, एकही चूक नाही.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून निराळं काय असतं?

त्यानंतर तीन उन्हाळे आम्ही दगड वाहिला. घरटी एक माणूस असं ठरलं होतं, आणि बाप्ये नसलेल्या घरातलं माणूस म्हणजे बाई. आईनं कधी खाडा केला नाही, आणि शाळेला सुट्टी लागली की मीही तिच्याबरोबर. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत दगड. चढ असा खडा की वर पोचेपर्यंत मान पोटात गेल्यासारखी वाटायची. आई वरती दगड ओतायची आणि दर वेळी जोत्याकडं बघून घ्यायची. शेडच्या जागी वर्ग आले, बोर्डिंग आलं, मग पश्चिमेच्या अंगाला ट्रेनिंग कॉलेजच्या खोल्या उठू लागल्या. तिथल्या कोपऱ्यातल्या खोलीला आम्ही मायलेकी 'आपली खोली' म्हणायचो. खिडकीपाशी बस गं, आई म्हणायची, वारं लागंल.

आईचा हा नुसता लाड नव्हता. माझा चुलता तोवर माझ्यासाठी स्थळ घेऊन बसला होता. सांगलीकडचा बिजवर, घरचा ऊस, आधीच्या बायकोची दोन पोरं. चुलता म्हणे, पोरगी किती दिवस ठेवणार, वडील पलटणीत, जबाबदारी माझी. आईनं त्याच्याशी करार केला. पोरगी सातवीची फायनल पास झाली आणि ट्रेनिंगला लागली तर तीन वर्षं लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही लागली तर तुमी म्हणाल तिथं मांडव. चुलता हसून व्हय म्हणाला. त्याला वाटलं असेल, कुठली बाई आणि कुठलं ट्रेनिंग.

मी फायनल पास झाले. केंद्रात वरच्या नंबरात. मास्तरांनी गावभर फिरून सांगितलं, आणि आईनं औंधच्या यमाईला पायी जाऊन नारळ फोडला. मग जूनच्या आरंभी आम्ही दोघी माळावर गेलो. या खेपेला डोक्यावर काही नव्हतं, त्यामुळं चढ किती लहान आहे ते पहिल्यांदा कळलं.

ऑफिसात कारकून होता. त्यानं माझा दाखला बघितला, मान हलवली आणि म्हणाला, मुलींची सोय पुण्याला आहे, इथं नाही. आई म्हणाली, आमच्या गावचा हक्क हाय. त्यानं सरळ दप्तर काढलं, आमच्या गावचा कागद काढला आणि आमच्यापुढं धरला. आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मला ते वाचावंही लागलं नाही.

कारकून बोट ठेवून म्हणाला, मुलग्यांस असं आहे बाई, मुलग्यांस म्हणजे मुलग्यांना.

आईचा चढलेला आवाज ऐकून आतून सेक्रेटरी आले. त्यांनी आईला ओळखलं, बसा म्हणाले, पाणी आणवलं. माणूस वाईट नव्हता, पण संस्था मोठी झाली की माणसाची जीभ कागदाला बांधली जाते. बोलले काही, लिहिलं काही, असं आम्हाला करता येत नाही, म्हणाले. एका गावाला मोकळीक दिली तर सगळी गावं उठतील, आणि आधीच मुली घ्यायला कमिटीतले निम्मे लोक राजी नाहीत. त्यांनी कागदावर एक रेघ मारली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण ती त्यांनी मारली नाही.

तेवढ्यात एक मुलगी दारातून आत आली आणि कारकुनाला फॉर्म देऊन गेली. माझ्याच वयाची, पायात वहाणा नाहीत, हातावर हिरवं गोंदण. आईनं विचारलं, ही कोण? कारकून जरा अवघडला. मेंढपाळांच्या गावची आहे, म्हणाला. त्यांच्यात एक जण पलटणीतून आला होता, त्यानं ठराव लिहिला होता बोलतात तसाच: 'आमच्या पोरास्नी शिकवायचं'. कमिटीनं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, पोरं म्हणजे मुलगेच असं कसं म्हणता येईल? तिला घ्यावं लागलं.

एक अशुद्ध शब्द लिहिणाऱ्या गावाची पोरगी आत, आणि मी बाहेर. मला तेव्हा हसू आलं असतं, पण आईनं माझा दंड धरला होता.

आई उभी राहिली. "आमचा कागद कुणी लिवला?" तिनं सेक्रेटरींना विचारलं.

ते म्हणाले, ते आम्हाला काय ठाऊक, तुमच्याच गावातून आला. पाटलांची सही आहे.

पाटलाला सहीपुरतं येतं, हे आईला माहीत होतं. ठराव लिहिला त्या दिवशी ती खाणीवर होती, आणि मास्तरांचंच काम म्हणून मी घरी काही सांगितलं नव्हतं. उतारानं ती झपाझप पुढं, मी मागं. मला सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं. ओढ्यापाशी सांगीन म्हटलं. ओढा मागं गेला. वेशीपाशी सांगीन म्हटलं. वेशीत आल्यावर आई घराकडं न वळता शाळेकडं वळली. बाळबोध येणारं गावात आणखी कोण होतं?

मास्तर शाळेच्या पायरीवर बसून पेन्सिलीला टोक करत होते. मला बघून हसतच उठले, म्हणाले, झालं का काम? आईनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. असं काही नाही जे ती त्या दिवशी बोलली नाही. बायाबापड्यांनी हाडांची काडं केली आणि तू एका अक्षरानं माती केलीस. तुला ना लेक ना बाळ, तुला काय कळणार पोर म्हणजे काय. आळी गोळा झाली. मास्तर आधी गोंधळले, मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. कागद मी लिहिला होता. त्यांनी वाचून बिनचूक म्हटला होता. दोघांनाही ते त्याच क्षणी कळलं.

त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की अक्षर तुमच्या पोरीचं आहे, हवं तर कागद आणून बघा. पण ते नुसते थांबले. मला वाटतं, मी बोलेन म्हणून थांबले.

आई माझ्याकडं वळली. "तुझ्यादेखत लिवलं का ह्येनं?"

मी म्हणाले, "व्हय."

मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली. "बाई, चूक माझीच आहे," असं आईला म्हणाले आणि आत गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आमच्या गावानं. दिवाळीच्या आत लोकांनी अर्ज करून त्यांची बदली करवली. जाताना ते कुणाच्या घरी चहालाही थांबले नाहीत. माझ्याकडं येतील असं मला वाटलं नव्हतंच. त्याच मार्गशीर्षात सांगलीकडं माझा मांडव पडला. मी स्वतःची समजूत काढायचा फार प्रयत्न केला. पोरीच होतो आपण, कुठलाही शब्द असता तरी काहीतरी खुसपट काढलंच असतं त्यांनी. पण ती गोंदणवाली मुलगी ट्रेनिंग पुरं करून मास्तरीण झाली, आणि माझी ती पळवाटही गेली.

आई पुढं पुष्कळ जगली. माहेरी गेले की जेवताना, निजताना, कधीही तिला ते आठवायचं, आणि ती त्या मास्तरांना तळतळून शिव्या द्यायची. त्यांची हाडं उन्हात पडतील म्हणायची. मी तिच्या ताटात भाकरी वाढायची आणि म्हणायची, जाऊ दे आई, जेव.