त्रास केमोचा आणि माणसांचा

केमो घेणाऱ्या बाईकडं दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि दुसरे किस्से. पाकिटं मी फेकून दिली. किस्से मात्र पोटात राहत नाहीत, आणि त्या वर्षी माझ्या पोटात तसंही काही राहत नव्हतं!

मी तासगावात ब्लाऊज शिवते. घरात नवरा आणि सासू. सासूला मी आत्या म्हणते. छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, मग सांगलीच्या दवाखान्यात केमो सुरू झाली.

*

आमचे हे बेदाण्याच्या शेडवर कामाला. दर केमोला सोबत यायचे. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

मी तोंड उघडायच्या आत हे सुरू! "लय मळमळतंय सायेब. रातभर झोप न्हाई. पाय तर पार गळून गेल्यात."

डॉक्टर लिहीत गेले. मग त्यांनी मान वर करून यांनाच विचारलं, "केमो तुम्हाला दिलीय की यांना?"

"तिलाच की," हे म्हणाले. "पर तिच्यासंगं घरात मी असतो न्हवं!"

*

मग तोंडाची चव गेली. नुसती गेली असती तर चाललं असतं. तिच्या जागी लोखंड आलं! आमटी लोखंडाची, भात लोखंडाचा, चहा तर गंजलेला पत्रा. आत्या रोज काहीतरी नवीन करून आणायच्या आणि मी एक घास घेऊन ताट सरकवायचे.

एक दिवस त्यांनी विचारलं, "आज कशाची चव लागली?"

"खिळ्याची."

आत्यांनी ताट उचललं. "लगीन होऊन आलीस तवापासनं माझ्या हातचं खातीस. इतकी वर्सं खिळा लागला न्हाई तो आत्ताच बरा घावला!"

*

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. गल्लीतल्या एक काकी पपई घेऊन आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आजिबात घाबरू नगंस. माझ्या मावसबहिणीला ह्येच झालं हुतं. ह्येच दुखणं, ह्याच सुया."

मला जरा धीर आला. "बऱ्या आहेत ना आता त्या?"

"कुटली! दिवाळीच्या आदीच गेली," काकी म्हणाल्या. "तू पपई खा."

*

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर औंधकडच्या खेड्यातल्या एक आक्का असायच्या. सुरुवातीचं आमचं औषध लालभडक. ते घेतलं की लघवीही लाल होते. मला सिस्टरनी आधीच सांगितलं होतं. आक्कांना सांगायचं राहून गेलं.

पुढच्या खेपेला आक्का आल्या त्याच तणतणत! "आवं सिस्टर, मी घरी जाऊन बगतीय तर निस्तं रगात! म्हटलं, झालं आपलं. दोन्ही पोरांना बोलावून घेतलं. थोरला पुण्यास्नं आला, धाकटा मुंबईस्नं. जमिनीच्या वाटण्या सांगून मोकळी झाली मी!"

सिस्टर ओशाळल्या. "अहो आक्का, तो औषधाचा रंग असतो. घाबरायचं काही नसतं."

"त्ये कळलं मागनं," आक्का म्हणाल्या. "पर आता धाकटा बोलंना झालाय. त्येला डोंगराकडचं रान सांगितलं म्हणून!"

*

केस गेले, भुवया गेल्या. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही. पण पुढच्या औषधानं बोटं सुन्न पडली. सुई हातात आहे की खाली पडली, ते बघितल्याशिवाय कळेना. मशीनपुढं बसून त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. मी शिवायची कशी आता?

नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक दारात! माझ्या डोक्याचा रुमाल बघून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिनं बराच वेळ देवाला नावं ठेवली. मग डोळे पुसले आणि पिशवीतून कापड काढलं.

"अहो, बोटं सुन्न झालीत माझी. सुई धरता येत नाही," मी म्हणाले.

"आगं बया!" ती हळहळली. "मग ऱ्हाऊ दे. साधाच शिव. डिझाईन नगं."

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला जायचंच नव्हतं. आत्यांनी ढकललं. "घरात बसून काय उजेड पाडतीस?" माझ्या पायात त्राण नव्हतं म्हणून सोबतही आल्या. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळं अशा ठिकाणी आत्या आत येत नाहीत. दाराशी, चपलांजवळ बसल्या.

केमोनं अंगाची नुसती आग व्हायची. न राहवून मी रुमाल काढला. घरची बाई करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत येत होती. माझ्या शेजारणीला लावलं, माझ्या बोडक्या डोक्याकडं बघितलं, आणि मला सोडून पुढच्या बाईकडं वळली.

मी रुमाल परत डोक्याकडं नेला.

तेवढ्यात आत्या उठल्या. चपला तुडवत, बायकांमधून वाट काढत आत आल्या. माझ्या हातातला रुमाल ओढून घेतला आणि आपल्या कमरेला खोचला.

"हिचं केस येतील उन्हाळ्यापतोर," त्या बाईला म्हणाल्या. "तुजी अक्कल कवा यायची?"

बाई गोरीमोरी झाली. वळली, करंड्यात बोट बुडवलं आणि घाईघाईनं माझ्या कपाळाशी आणलं.

"मधोमध लाव!" आत्या कडाडल्या. "भुवया न्हाईत म्हणून कुटंबी लावतीस व्हय!"